फोंड्यातला दातांचा दवाखाना आणि पाच प्रश्नांचा कागद

अकरा वर्षं मी फक्त उजव्या बाजूनं जेवलो. डावीकडच्या खालच्या दाढेला २०१४ मध्ये बारीकसं भोक पडलं, तेव्हाच गेलो असतो तर सिमेंट भरून अर्ध्या तासात मोकळा झालो असतो. गेलो नाही. पुढे थंड पाणी झोंबायला लागलं, मग गरम चहा, मग गोड. लवंगेचं तेल झालं, पेरूच्या कोवळ्या पानांच्या चुळा झाल्या, मिठाचं पाणी तर रोजचंच. जत्रेतलं खाजं मी विकत घेऊन नातवाच्या हातावर ठेवायचो, स्वतःच्या तोंडात घालायचो नाही. घरी विचारलं तर ‘गोड कमी केलंय’ म्हणून सांगायचो.

यंदा शिगम्याच्या सुमाराला गाल असा सुजला की नाटकाच्या तालमीत एक वाक्य धड उच्चारता येईना. मी सावईवेऱ्याचा. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, आणि गावच्या उत्सवातल्या नाटकात तोंडाला रंग लावतोय त्यालाही तितकीच वर्षं झाली असतील. मुलगी पर्वरीला असते. तिला सौ.नं फोन केला आणि मुलीनं मला न विचारता फोंड्याच्या एका दवाखान्यात वेळ घेऊन टाकली. वरच्या बाजारात पहिल्या मजल्यावर आहे. नाव लिहिलं तर चालेल का म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या नको म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही. फोंड्याकडच्या माणसाला चौकशी केल्यावर सापडेल.

जिना चढताना चौथ्या-पाचव्या पायरीवरच तो वास आला. दातांच्या दवाखान्यात गेलेल्या प्रत्येकाला तो माहीत असतो. माझे तळहात लगेच ओले झाले. गंमत नाही, खरंच रुमालाला पुसावे लागले. नंतर डॉक्टरांनीच सांगितलं की हा वास युजेनॉलचा, म्हणजे लवंगेच्या तेलातल्या मुख्य द्रव्याचा. दात भरायच्या काही सिमेंटांत ते घालतात. अकरा वर्षं घरी कापसाचा बोळा बुडवून दाढेत धरत होतो, त्याच तेलाचा वास! पण घरच्या बाटलीच्या वासानं काही होत नव्हतं, आणि जिन्यात तोच वास आल्यावर पाय मागे वळायला लागले.

आत काउंटरवरच्या मुलीनं दोन कागद दिले. पहिला नेहमीचा: रक्तदाब, मधुमेह, कुठल्या औषधाची ॲलर्जी, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. दुसऱ्या कागदावर फक्त पाच प्रश्न होते. उद्या दातांच्या उपचाराला जायचं असेल तर तुम्हाला कसं वाटेल? बाहेर नंबरासाठी बसलेले असाल तर? दाताला मशीन लावणार असतील तर? दात घासून साफ करणार असतील तर? आणि शेवटचा, वरच्या मागच्या दाढेजवळ हिरडीत भुलीचं इंजेक्शन देणार असतील तर? प्रत्येकापुढे पाच चौकोन, ‘अजिबात नाही’पासून ‘अत्यंत’पर्यंत.

असा कागद मी जन्मात भरला नव्हता. जन्मभर मुलांचे कागद तपासले. पहिल्या प्रश्नाला तिसऱ्या चौकोनावर पेन टेकवला आणि थांबलो. कोण बघणार आहे, म्हटलं. चौथ्यात खूण केली. दुसऱ्यालाही चौथ्यातच, कारण त्या क्षणी मी नंबरासाठीच बसलेलो होतो आणि उत्तर अंगावरच होतं. मशीनला चौथा, दात साफ करण्याला तिसरा. पाचव्या प्रश्नाला विचारच करावा लागला नाही, हात आपोआप शेवटच्या चौकोनाकडे गेला. शेजारी बसलेल्या सौ.नं वाकून पाहिलं आणि म्हणाली, ‘अहो, एवढं कधी बोलला नाहीत.’ तेहतीस वर्षांच्या संसारात नव्हतो बोललो, हे खरंच.

कोणाला कळणार तरी कसं? मी रंगमंचावर बादशहा उभा केलाय, सरदार केलेत. पोटात काहीही चाललेलं असो, चेहरा सरळ ठेवायची सवय अंगात मुरलेली. खुर्चीत बसलो असतो तर ‘काय डॉक्टर, सगळं ठीक ना?’ असं हसून विचारलं असतं आणि कुठल्याही डॉक्टरला वाटलं असतं, हा गृहस्थ निवांत आहे. वर्गातही मी हेच पाहिलेलं आहे. रडणारं पोर घाबरलंय हे सगळ्यांना दिसतं. खरं घाबरलेलं पोर शेवटच्या बाकावर हात जुळवून, पाठ ताठ करून बसतं आणि त्याला आपण शहाणं म्हणतो. निवृत्त झाल्यावर मला अशी दोन-तीन पोरं आठवतात आणि वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, या दवाखान्याला मी पाचपैकी पाच देतो ते मशिनरीसाठी किंवा गार हवेसाठी देत नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, काउंटरवरून तो कागद घेतला, उभ्या उभ्या वाचला. मग मला आत बोलावलं, पण मोठ्या खुर्चीत बसवलं नाही. बाजूच्या साध्या खुर्चीत बसवलं, स्वतः स्टुलावर बसल्या, मास्क हनुवटीखाली घेतला आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: ‘सर, पाचव्या प्रश्नाला तुम्ही शेवटची खूण केलीय. इंजेक्शनचं आधी कधी काही झालं होतं का?’

दाढ कुठली दुखते, कधीपासून, हे सगळं नंतर.

मी त्यांना १९७८ सालची गोष्ट सांगितली. अकरा वर्षांचा होतो. गाल सुजला होता, अगदी यंदासारखाच. काकांनी मला तालुक्याच्या गावी एका डॉक्टरकडे नेलं. बरोबर धाकटा भाऊ होता, आठ वर्षांचा, त्याला बाहेर बाकावर बसवलं. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं आणि लगेच पकड घातली. भूल चढलीच नव्हती. मी ओरडलो तर काकांनी खांदे दाबून धरले आणि डॉक्टर म्हणाला, ‘एवढा मोठा मुलगा आणि रडतोस? आता दुखतच नाही.’ दुखत होतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, की दुखत असताना दुखत नाही म्हणून सांगितलं. ती खुर्ची, काकांच्या हाताला येणारा विडीचा वास, पांढऱ्या तबकातला कापूस, एवढ्या वर्षांनी सांगतानाही माझा आवाज बसला. नाटकात आवाज बसू नये म्हणून ज्येष्ठमधाची काडी चघळणारा माणूस मी.

बाई मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. झाल्यावर म्हणाल्या, ‘तुम्हाला तेव्हा दुखलं ते खरंच होतं. पू झालेल्या जागी ऊतक आम्लधर्मी होतं, तिथे भुलीचं औषध नसेपर्यंत नीट पोचत नाही. भूल कमी पडते.’ ‘नसेपर्यंत’ म्हणजे काय हे कळायला मला क्षणभर लागला. नस, मज्जातंतू, त्याच्यापर्यंत. सत्तेचाळीस वर्षं माझी समजूत होती की मीच भित्रा होतो. डॉक्टरांच्या त्या एका वाक्यानं अकरा वर्षांच्या त्या पोराला कोणीतरी पहिल्यांदा खरं मानलं. हे मी मनापासून लिहितोय.

त्या दिवशी त्यांनी माझ्या दाढेला हात लावला नाही. फक्त छोटा एक्सरे काढला, सूज उतरायला औषधं दिली आणि पाच दिवसांनी बोलावलं. पुढच्या वेळी काय काय होणार ते कागदावर क्रमानं लिहून दिलं. तो कागद मी घरी देवघराजवळच्या खिळ्याला टांगला होता.

दुसऱ्या खेपेला खुर्चीत बसलो तेव्हा त्या पहिल्यांदा म्हणाल्या, ‘हात वयर करात.’ मी डावा हात वर केला. ‘असा हात वर आला की मी थांबणार. का, कशाला, विचारणार नाही.’ मग म्हणाल्या, एकदा करून बघा. त्यांनी तोंडात नुसता आरसा धरला होता, मी हात वर केला, आरसा बाहेर. दोनदा तसं केलं. लहान मुलासारखं वाटेल असं मला वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. गाडीचा ब्रेक लागतो की नाही हे उतारावर जायच्या आधी बघतो, तसं ते होतं.

इंजेक्शनचं सविस्तर सांगतो, कारण ज्यांना भीती आहे त्यांना हेच जाणून घ्यायचं असतं. आधी गालफडाच्या आतून एक जेल लावलं, चव जरा कडवट-गोड, आणि दोन मिनिटं नुसतं थांबलो. खालच्या दाढेला दाताजवळ टोचून भागत नाही, जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात, जिथून नस हाडात शिरते तिथे भूल द्यावी लागते. तोंड पूर्ण उघडायला सांगितलं. सुई मी पाहिली नाही, त्यांनी ती माझ्या नजरेखालून, हनुवटीच्या बाजूनं आणली. टोचल्याचं कळलं, मुंगी चावल्याइतकं. मग औषध इतकं हळू सोडलं की मला वाटलं काही बिघडलंय. भरभर औषध ढकललं की ऊतक ताणलं जातं आणि तेच दुखतं, म्हणून हळू, असं त्या देता देताच सांगत होत्या. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती: औषधात थोडं अ‍ॅड्रेनलिन असतं, मिनिटभर छाती धडधडेल, ती भीतीची धडधड नाही, औषधाची आहे. धडधडली. माहीत होतं म्हणून धरून राहिलो. नाहीतर उठून जिना उतरलो असतो.

दहा मिनिटांनी खालचा ओठ निम्मा गेला, अर्धी जीभ जड झाली. त्यांनी टोकदार सळईनं हिरडी टोचून विचारलं, ‘दुखता?’ नाही. पुन्हा दुसऱ्या बाजूला. नाही. मगच मशीन. तरीही मध्ये मी दोनदा हात वर केला. एकदा खरंच कळ आली होती, तेव्हा त्यांनी दाढेच्या आतच आणखी भूल दिली. दुसऱ्यांदा काहीच दुखत नव्हतं, मला नुसतं बघायचं होतं की खरंच थांबतात का. थांबल्या.

रूट कॅनलला एकूण तीन खेपा झाल्या. मधल्या खेपांचं वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

शेवटच्या खेपेला मी त्या पाच प्रश्नांच्या कागदाबद्दल विचारलं. मास्तर माणूस, प्रश्नपत्रिका कोणी काढली हे विचारणारच. त्यांनी सांगितलं आणि पुढे मुलीनं घरी वाचायला काढून दिलं. १९६९ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ नॉर्मन कोरा यांनी चार प्रश्नांची दंतभीतीची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात भुलीच्या इंजेक्शनचा प्रश्नच नव्हता. १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या जेरी हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी तो पाचवा प्रश्न घातला आणि सगळ्या प्रश्नांना एकसारखी पाच उत्तरं ठेवली. प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण, म्हणजे कमीत कमी ५, जास्तीत जास्त २५. एकोणीस किंवा जास्त आले की त्या माणसाची भीती तीव्र समजायची. माझे आले होते २०. आयुष्यात जास्त गुण मिळाल्याचं असं दुःख आणि समाधान एकदम कधी झालं नव्हतं: दुःख आकड्याचं, समाधान की याला आकडा आहे. आणि पाचवा प्रश्न जर नसता तर माझी खरी गोष्ट कोणत्या चौकोनात गेली असती?

मला आणखी एक शंका होती. असं विचारल्यानं उगाच भीती जागी होत नसेल का? परीक्षेआधी पोराला ‘घाबरलास का रे?’ म्हटलं की न घाबरलेलंही घाबरतं. बाई म्हणाल्या, याचाही अभ्यास झालाय, हा कागद भरल्यानं भीती वाढत नाही. उलट २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका प्रयोगात, ज्यांनी भरलेला कागद डॉक्टरच्या हातात दिला त्यांची धास्ती परत जाताना इतरांपेक्षा जास्त उतरलेली होती. म्हणजे कागद भरून फाइलीत गेला तर उपयोग थोडा. डॉक्टरनं तो वाचलाय हे पेशंटला कळलं पाहिजे. माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं, म्हणून मला हे पटलं.

लहान मुलांना तिथे प्रश्न देत नाहीत. एका ओळीत पाच चेहरे छापलेला जाड कागद आहे, खूप रडव्या चेहऱ्यापासून खूप हसऱ्यापर्यंत, आणि ‘आता तुला कसं वाटतंय’ म्हणून बोट ठेवायला सांगतात. मी बसलेलो असताना एक सहा-सात वर्षांची मुलगी आईबरोबर आली. आई म्हणत होती, ‘आमची खूप धीट आहे हो.’ मुलीनं कडेच्या रडव्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि आईकडे न बघता तसंच धरून ठेवलं. त्या दिवशी तिचे दात नुसते मोजले आणि तिला घरी पाठवलं. फी घेतली नाही.

आता खटकलं ते. कागदावरची मराठी वाईट आहे. ‘मध्यम प्रमाणात चिंताग्रस्त’ असं कोण बोलतं? आपल्याकडे माणसाला धास्ती वाटते, धडकी भरते, पोटात गोळा येतो, कोकणीत ‘भंय दिसता’ म्हणतात. शेजारच्या एका आजी तो शब्द वाचून मला विचारत होत्या की चिंता कशाची, मुलाच्या नोकरीची की काय? मी घरी बसून पाचही प्रश्न साध्या मराठीत लिहून काढले आणि डॉक्टरांना नेऊन दिले. त्यांनी ठेवून घेतले, पण वापरता येणार नाहीत म्हणाल्या: मोजपट्टीचे शब्द बदलले की ती पुन्हा तपासावी लागते, भाषांतर परत मूळ भाषेत उलटवून बघावं लागतं, लोकांवर पडताळावी लागते, नाहीतर एकोणीसच्या आकड्याला अर्थ राहत नाही. मुद्दा मला मान्य आहे. पण मग कोणीतरी ते काम करावं, मी फुकट मदतीला तयार आहे. दुसरं, अक्षर फार बारीक आहे आणि काउंटरवरची मुलगी ‘काका, भीतीचा फॉर्म भरलात का?’ असं सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारते. मुलगी चांगली आहे, पण कानाशी येऊन विचारलं पाहिजे. अशा वेळी माणूस कमी गुणांच्या चौकोनात खुणा करून मोकळा होतो. तिसरं, वेळ दिलेली असूनही एकदा पन्नास मिनिटं बसावं लागलं, आणि घाबरलेल्या माणसाला ती पन्नास मिनिटं फार असतात. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, तेव्हापासून मला सकाळची पहिलीच वेळ देतात. जिना अरुंद आहे, गुडघेदुखीवाल्यांनी बरोबर कोणाला तरी न्यावं.

रूट कॅनलचे साडेचार हजार आणि कॅपचे वेगळे पाच हजार झाले. स्वस्त म्हणणार नाही. ज्यांना जड जातं त्यांच्यासाठी बांबोळीचं सरकारी दंत महाविद्यालय आहेच. पण माझी तळमळीची विनंती सगळ्याच ठिकाणच्या डॉक्टरांना आहे: हा कागद ठेवायला खर्च काय येतो? एक पान आणि वाचायला अर्धं मिनिट. गावोगावी दातांची शिबिरं होतात, तिथेही रांगेत उभ्या असलेल्यांना द्या. शिबिरात जे येतात त्यांच्यापेक्षा जे देवळाच्या पायरीवर बसून ‘माझे दात चांगले आहेत’ म्हणतात, त्यांच्यातल्या निम्म्यांना मी ओळखतो.

कॅप बसवल्यानंतर मी स्वतःहून पुन्हा कागद मागून घेतला. या वेळी तीन, दोन, तीन, दोन आणि इंजेक्शनला चार. एकूण चौदा. भीती गेली असं मी म्हणणार नाही, जिन्यातला वास अजून येतो आणि हात अजून पुसावे लागतात. पण परवा घरी हरभऱ्याची उसळ होती, ती मी डावीकडून खाल्ली. सौ. काही बोलली नाही, आणखी एक डाव वाढली.

धाकटा भाऊ आता डिचोलीला असतो. पंचावन्नचा झाला, मागचे तीन दात गेलेत, एकदाही डॉक्टरकडे गेलेला नाही. त्याला कोणी कधी दुखवलं नव्हतं. त्या दिवशी तो बाहेरच्या बाकावर बसून माझं ओरडणं ऐकत होता, एवढंच. हे माझ्या लक्षात यायला मला साठीजवळ यावं लागलं. गेल्या रविवारी रात्री त्याला फोन लावला आणि पाचही प्रश्न एकेक करून वाचले, माझ्या मराठीत. पहिल्या चारांना तो ‘कितें विचारता रे तूं’ म्हणत काहीतरी सांगत गेला. पाचव्याला बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, ‘तू येशील ना बरोबर?’

शनिवारी सकाळी साडेनऊची वेळ घेतलीय.